नखाएवढा छापखाना

अंगठ्याचं नख म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर रुंदीची जागा. तीही सपाट नाही. मध्ये फुगीर, दोन्ही कडांना उतरती. तिथे बारीक रेघांची जाळी, कुयरी किंवा पिसारा फुलवलेला मोर उमटवायचा आणि तोही दहा बोटांवर सारखा. हाताने काढायचं म्हटलं तर उजव्याने डावा हात रंगवता येतो. डाव्याने उजवा रंगवताना भल्याभल्यांचा हात थरथरतो. यावर निघालेला तोडगा छपाईचा आहे. नक्षी कोरलेली पोलादी प्लेट, रंग निपटायची पट्टी आणि मऊ सिलिकॉनचा ठसा, एवढ्या तीन वस्तूंवर घरच्या घरी नखं छापता येतात. याला स्टॅम्पिंग म्हणतात. नांदगावात माझ्या घरी, शेजारच्या मुलींना घेऊन आणि ओळखीच्या एका पार्लरमध्ये बसून मी हे करून पाहते आहे. लोक याला नट्टापट्टा म्हणून सोडून देतात. मला यात अस्सल मुद्रकाचं काम दिसतं, आणि ते त्याच नजरेनं पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याच नाशिक जिल्ह्यात या तत्त्वावर चालणारं केवढं मोठं काम होतं, याची आठवण मुलींना करून दिली की त्यांचे डोळे मोठे होतात. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात; त्याआधी भारताच्या नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून छापून येत. शंभराच्या किंवा त्यावरच्या नव्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवून पाहा, शाई किंचित वर आलेली लागते. पाचशेच्या नोटेच्या डाव्या-उजव्या कडांना पाच-पाच तिरप्या रेघा आहेत, दृष्टिहीनांना स्पर्शाने नोट ओळखता यावी म्हणून. ही छपाई अशी होते: धातूच्या पत्र्यात चित्र खोदायचं, खोदलेल्या रेघांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची आणि कागद जोराने दाबून खाचांतली शाई उचलायची. नखाच्या प्लेटवरही हेच होतं. फरक इतकाच, की नखावर पत्रा दाबता येत नाही, म्हणून मध्ये सिलिकॉनचा मऊ गोळा घ्यावा लागतो. तो प्लेटवरची नक्षी उचलतो आणि नखाच्या गोलाईवर अंग टाकून ती तिथे सोडतो.

मधल्या गोळ्याची युक्ती घड्याळांच्या धंद्यातली. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या तबकडीवर आकडे छापायला जिलेटिनचे मऊ गोळे वापरत. पुढे जिलेटिनची जागा सिलिकॉनने घेतली. आज पेनावरचं कंपनीचं नाव, बाहुलीचे डोळे, यंत्राच्या बटणांवरची चिन्हं याच पद्धतीने छापतात. जिथे पृष्ठभाग वाकडा तिथे ही पद्धत. नखांसाठी ती तळहातावर मावेल अशा संचात बसवून देशोदेशी पोचवली मुख्यतः दक्षिण कोरियाच्या कोनाड कंपनीने, या शतकाच्या पहिल्या दशकात. मागाहून चिनी प्लेटांचा पूर आला आणि किमती उतरल्या.

नांदगाव हे मुंबई–भुसावळ मार्गावरचं जुनं स्टेशन. मनमाडहून औरंगाबादकडे लोहमार्ग होण्याआधी वेरूळची लेणी बघायला निघालेले प्रवासी इथे उतरत आणि पुढे टांग्याने जात. १९०० च्या सुमारास तो मार्ग झाला आणि ती वर्दळ मनमाडकडे वळली. आता बाहेरचं जग गावात येतं ते बरंचसं पार्सलमधून. बांगड्या, टिकल्या आणि नेलपेंट इथल्या दुकानांत हवी तितकी मिळतात. स्टॅम्पिंगच्या प्लेटा मात्र मुली मोबाइलवरून मागवतात, दोघी-तिघी मिळून, म्हणजे डिलिव्हरीचे पैसे वाटले जातात. प्लेट एकीकडे, ठसा दुसरीकडे, काळा रंग तिसरीकडे. रविवारी सगळं एका घरी गोळा होतं.

आता रंगाबद्दल. नेलपेंटच्या बाटलीत जे असतं त्याचा कणा नायट्रोसेल्युलोज. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून ते बनवतात. १८४६ मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने याच कुळातला स्फोटक कापूस तयार केला. पुढे त्याचेच सौम्य प्रकार सिनेमाच्या फिल्ममध्ये गेले आणि १९२० च्या दशकात मोटारींच्या रंगात. मोटारीला चकाकी देणारा तो झटपट वाळणारा लेप नखांवर यायला फार वेळ लागला नाही. आमच्या तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बाईच्या नखावरचा रंगही मुळात कापसातून आलेला असतो, हे मला कळलं तेव्हा मी ते एका वेचणीवालीला लगेच सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग हा पुसायला पण कापूसच लागतो की!"

नायट्रोसेल्युलोज पातळ ठेवायला एथिल अ‍ॅसिटेट आणि ब्युटिल अ‍ॅसिटेट घालतात. बाटली उघडली की येणारा फळासारखा उग्र वास यांचाच. एथिल अ‍ॅसिटेट ७७ अंशांना उकळतं, ब्युटिल १२६ अंशांना. म्हणून पहिलं भराभर उडतं आणि दुसरं मागे रेंगाळून थराला सपाट व्हायला सवड देतं. शिवाय लवचीकपणासाठी काही, चिकटण्यासाठी राळेसारखं काही, आणि रंगद्रव्य. स्टॅम्पिंगच्या रंगात हे रंगद्रव्य फार दाट भरलेलं असतं. कारण सरळ आहे: प्लेटवरच्या खाचा इतक्या उथळ, की तिथून उचललेला थर जवळजवळ काहीच जाडीचा नसतो. साधं पांढरं नेलपेंट नखावर दोन हात दिल्यावर पांढरं दिसतं, पण त्या पातळ थरात ते दुधाळ पाण्यागत फिकं पडतं. काळा आणि चांदी-सोन्याचे धातुरंग साध्या बाटलीतलेही पुष्कळदा चालून जातात. म्हणून नव्याने सुरू करणारीने स्टॅम्पिंगची एकच बाटली घ्यायची तर पांढरी घ्यावी आणि काळं काम घरातल्या बाटलीवर भागवावं.

क्रम असा. आधी पारदर्शक बेस, कारण गडद रंग थेट नखावर लावला की नख पिवळं पडतं. मग रंगाचे दोन पातळ हात. हे हात पुरते वाळू द्यायचे. वरून कोरडा लागणारा रंग आत ओला असतो आणि ठसा टेकला की थरासकट उचलला जातो. नवी प्लेट असेल तर तिच्यावर एक पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो, तो सोलून काढायचा. तो राहिला तर दिवसभर घासलं तरी काही उमटत नाही. प्लेट रिमूव्हरने पुसायची, पण पुसताना कापसाचा धागा खाचेत अडकला नाही ना, हे उजेडात तिरपी धरून बघायचं. मग नक्षीच्या कडेला रंगाचा एक थेंब, आणि पट्टी साधारण ४५ अंशांत तिरकी धरून एका ओढीत निपटायची. संचाबरोबर येणारी धातूची पट्टी प्लेटवर ओरखडे उठवते. मुदत संपलेलं एटीएम कार्ड त्याहून कितीतरी चांगलं.

पार्लर चालवणारी ताई माझ्याहून वयाने बरीच लहान, पण या कामात तिचा हात बसलेला. तिच्याकडे पहिल्यांदा बसले तेव्हा तिने वर बघितलं आणि म्हणाली, "काकू, आधी पंखा बंद करा." नांदगावची हवा कोरडी. ऑक्टोबरच्या उन्हात पंख्याखाली प्लेटवर टाकलेला थेंब निपटून होईस्तोवर खाचेतच सुकतो आणि ठशाला काही येत नाही. पावसाळ्यात हेच काम जरा सावकाश केलं तरी चालतं. "रंग टाकला की कुणाशी बोलायचं नाही," ताई सांगत होती. "टाकला, निपटला, उचलला, टेकवला. एका दमात." तिच्या हाताकडे बघत राहिले. ती ठसा प्लेटवर दाबत नव्हती. एका कडेने टेकवून दुसऱ्या कडेला नुसता लोळवत होती. ठसा उलटा केला तेव्हा त्यावर काळी जाळी अख्खी होती, एकही रेघ तुटलेली नाही, आणि प्लेटवरच्या खाचा धुतल्यासारख्या रिकाम्या. मग तिने मधल्या बोटाच्या नखावर तो डावीकडून उजवीकडे तसाच लोळवला. जाळी नखावर गेली. ठशावर नखाच्या आकाराची रिकामी जागा राहिली आणि तिच्याभोवती उरलेली नक्षी.

हे नेमकं होतं कसं, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. जो ठसा प्लेटवरून रंग ओढून घेतो, तोच नखाला तो इतक्या सहज कसा देऊन टाकतो? उत्तर वाळण्यात आहे. खाचेतल्या रंगाची वरची बाजू हवेला उघडी असते. तिथलं द्रावक आधी उडतं आणि तो पृष्ठभाग चिकट होतो. त्यामुळे रंग ठशाला धरतो आणि खाचेतून निघून येतो. ठशावर आला की त्याची आधी तळाशी असलेली ओली बाजू वर येते, आणि आता ती वाळू लागते, चिकट होते. दुसरीकडे, सिलिकॉन हा मुळातच असा पदार्थ की त्याला कुठलीच गोष्ट घट्ट धरत नाही. नखावरच्या रंगाचं तसं नाही; तो त्याच नायट्रोसेल्युलोजच्या कुळातला, आपल्या जातीच्या थराला लगेच पकडतो. ओढाताणीत नख जिंकतं. सगळा खेळ या दोन वाळण्यांमधल्या काही सेकंदांचा. लवकर उचललं तर रंग फाटतो, उशीर झाला तर येतच नाही, आणि ठशावर जास्त रेंगाळला तर नखावर अर्धाच उतरतो. छपाईच्या कारखान्यातले लोक हेच शाईचा दाटपणा, खोलीचं तापमान आणि यंत्राची गती मोजून साधतात. इथे बारावीतली मुलगी ते बोटांच्या अंदाजाने साधते. तिला याचं श्रेय द्यायला नको का?

ठसे दोन तऱ्हांचे मिळतात. जुन्या धाटणीचा रंगीत, जरा कडक. आणि आरपार दिसणारा मऊ. पारदर्शक ठशाचा फायदा असा, की नक्षी नखाच्या नेमकी मध्यावर आहे की नाही हे वरून दिसतं. पण त्याला रिमूव्हर लावायचं नाही, तो धुरकट होतो. त्यावरचा रंग चिकटपट्टीने टिपून काढायचा. नखाभोवतीच्या कातडीवर रंग सांडतोच, त्यासाठी सोलून काढायचं लॅटेक्स मिळतं. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. लाकूड चिकटवायचा पांढरा गोंद बोटाला पातळ लावून वाळवला तर तोही पापुद्र्यासारखा निघतो. शेवटचा चकाकीचा हात सगळ्यांत जोखमीचा. त्यातलं द्रावक छापलेल्या रेघा पुन्हा ओल्या करतं आणि कुंचला दाबला की मोराची शेपूट पुसटते. कुंचल्यावर भरपूर थेंब घ्यायचा आणि तो थेंबच नखावरून सरकवायचा, केस नखाला लागू द्यायचे नाहीत.

पाण्यावर रंग तरंगवून बोट बुडवायची एक पद्धत आहे, वॉटर मार्बल नावाची. मोबाइलवर ती फार देखणी दिसते. पण पाणी फार गार असलं तर रंग पसरत नाही, पाणी अधूनमधून बदलावं लागतं आणि ते वाया जातं. टंचाई पाचवीला पुजलेल्या या तालुक्यात मला ती पद्धत पटत नाही. मुलींनाही फारशी पटलेली नाही.

त्यापेक्षा ठिपक्यांचं काम आमच्याकडे आधीपासून मुरलेलं आहे. डॉटिंग टूल म्हणजे टोकाला बारीक गोळी असलेली सळई, लहानमोठ्या गोळ्यांची. ती नसली तर शाई संपलेलं बॉलपेन, टाचणीचं डोकं, केसांच्या पिनेचं टोक. गेल्या श्रावणात शेजारच्या एका सुनेने अंगठ्याच्या नखावर तीन बाय तीन ठिपके मांडले आणि दात कोरायच्या काडीने त्यांना वळसे घालून छोटी रांगोळी पुरी केली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. उंबऱ्यासमोर रोज सकाळी ठिपके मांडणाऱ्या हाताला फक्त माप बदलावं लागलं. तिच्या सासूबाईंनी चष्मा लावून ते नख उलटसुलट पाहिलं आणि मग स्वतःचा हात पुढे केला.

नक्ष्यांबाबत मात्र माझी तक्रार आहे. प्लेटांवर बर्फाचे तारे, हरणांच्या गाड्या, आयफेल टॉवर, बिबट्याचे ठिपके यांची रेलचेल. भारतीय म्हणून जे येतं ते बहुधा मेंदीची कुयरी आणि मंडल. आमच्या शेजारच्या येवल्यात पैठणीवर बांगडी मोर विणला जातो, पोपट, कमळ, आसावली विणली जाते, काठाला नारळी येते. या नक्ष्या मुळात चौकटी मोजून, आडव्या-उभ्या धाग्यांत बसवलेल्या. त्यांचे कंगोरे लहान जागेत उठून दिसतात, तुटत नाहीत. नखाच्या प्लेटला याहून योग्य दुसरं काय असणार? नारळी काठाची एक ओळ नखाच्या टोकाला, फ्रेंच मॅनिक्युअरमध्ये पांढरी पट्टी असते त्या जागी, सोन्याच्या रंगात छापली तर जांभळ्या पैठणीबरोबर ती काय शोभेल! असे पत्रे कोरून देणारं कुणी आपल्याकडे निघावं अशी माझी फार इच्छा आहे. धातूवर कोरीवकाम जाणणारी माणसं नाशिकमध्ये आहेत, नक्षी येवल्यात आहे, आणि घेणाऱ्या मुली गावोगाव आहेत.

नखं रंगवणं कोरियातून इथे आलं असं कुणी समजू नये. भाद्रपदात गौर म्हणून आपण जो तेरडा घरात आणतो, त्याच्या पाकळ्या-पानं वाटून नखांवर बांधली की नखं केशरी होतात. हिंदी मुलखात तेरड्याला गुलमेंदीच म्हणतात. मेंदीत जे लॉसोन नावाचं रंगद्रव्य, तेच तेरड्यातही. गंमत अशी, की कोरियातही उन्हाळ्यात मुली तेरड्यानेच नखं रंगवत आल्या आहेत, आणि पहिला बर्फ पडेपर्यंत तो रंग टिकला तर पहिलं प्रेम सफल होतं अशी तिथे समजूत आहे. म्हणजे ज्या देशाने स्टॅम्पिंगचा संच धाडला, त्या देशाच्या आज्या आणि आमच्या आज्या एकाच झाडाखाली बसलेल्या. तेरड्याचा रंग तीन दिवस अशी म्हण आपण वापरतो, ती फुलाला लागू आहे; नखावर चढलेला त्याचा रंग नखाच्या केराटिनलाच धरतो आणि नख वाढून कापलं जाईपर्यंत राहतो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मतदानाची शाई याच हिशेबाने उतरते. त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, ती १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यातून येते, आणि कातडीवरून ती गेली तरी नखावरचा काळा पट्टा वाढीबरोबर पुढे सरकत राहतो. नेलपेंट नखावर नुसतं बसलेलं असतं. म्हणून ते निघतं, आणि म्हणूनच दर आठवड्याला नवं काही करता येतं.

ज्यांच्या हातांना काम आहे त्यांनी हे करू नये असं अजून ऐकू येतं. मला ते मुळीच मान्य नाही. स्टॅम्पिंगला लांब नखं लागत नाहीत. आखूड, नीट कापलेल्या नखावर ते उलट जास्त टिकतं, कारण टोक कुठे अडकत नाही. कांद्याच्या लागवडीला जाणारी एक मावशी पायाच्या नखांवर छापून घेते. मातीत हात घातले की हाताचा रंग दोन दिवसांत उडतो, पायाचा महिनाभर राहतो असं तिचं म्हणणं. पोलिस भरतीची तयारी करणारी मुलगी फक्त करंगळीवर छापते. नर्सिंगला असलेल्या मुली सुट्टीत छापतात आणि कामावर जाण्याआधी काढतात, आणि तेच बरोबर आहे. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नखातून प्रकाश आरपार सोडून रक्तातला प्राणवायू मोजतं; काळा, निळा, हिरवा असे गडद रंग त्या मोजणीत अडथळा आणू शकतात. शस्त्रक्रियेआधी रंग काढायला सांगतात तो याचसाठी. मुस्लिम मैत्रिणींची अडचण वेगळी. नमाजाआधी हातपाय धुताना, म्हणजे वुजू करताना, पाणी नखापर्यंत पोचावं लागतं, म्हणून त्या सोलून निघणारा बेस वापरतात किंवा ईदला सरळ मेंदीच घेतात.

अलीकडे मुलींना जेल नेलपेंटच्या दिव्याची ओढ लागली आहे. तिथे मी हात आखडते. जेल हे वाळत नाही, ते प्रकाशाने घट्ट होतं, आणि त्यातली अ‍ॅक्रिलेट रसायनं अर्धवट घट्ट झाली किंवा कातडीला लागली तर कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. पुढे दात भरायला किंवा सांधा बदलायला याच कुळातले पदार्थ वापरतात, तेव्हा ती अ‍ॅलर्जी आड येते. जेलला घट्ट करणाऱ्या टीपीओ या एका रसायनावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली. स्वस्त संचातला दिवा त्या जेलला पुरेसा आहे की नाही हे घरात कळायला मार्ग नाही. साधं नेलपेंट हवेत वाळतं आणि रिमूव्हरने निघतं. घरासाठी तेवढं पुरे.

आणि दिवाळीत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. अ‍ॅसिटोन, रिमूव्हर, नेलपेंट आणि थिनर, हे सगळं पेट घेणारं आहे आणि त्यांची वाफ जमिनीलगत पसरते. पणत्या लावल्यावर, गॅसजवळ किंवा देवघरासमोर बाटल्या उघडायच्या नाहीत. भिजलेले बोळे उघड्या केरात टाकायचे नाहीत. हे काम दुपारी, खिडकी उघडी ठेवून करायचं. पंखा बंद, खिडकी उघडी.

वेळही ठरवून घ्यावी. चकल्या-करंज्यांचं पीठ मळताना रंग लावलेली नखं नकोत, त्यामुळे फराळ उरकू द्यावा. नरक चतुर्दशीच्या पहाटे कढत पाणी आणि उटणं असतं. आदल्या रात्री छापलेली नखं त्यात मऊ पडून कडेने सुटतात. म्हणून अभ्यंगस्नान झालं, हात कोरडे झाले, की त्या दिवशी दुपारी बसावं. नखाला तेल लागलेलं असतं, ते रिमूव्हरच्या बोळ्याने आधी पुसून घ्यावं, नाहीतर बेस धरत नाही. असं केलं तर लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज आरामात निघते. मग काढताना बोळा नखावर दहा-पंधरा सेकंद नुसता दाबून ठेवायचा आणि टोकाकडे एकदाच ओढायचा. घासत बसलं तर काळा रंग कडेच्या कातडीत शिरतो आणि चार दिवस निघत नाही. नंतर नखांना खोबरेल चोळायचं, प्लेट पुसून तिच्या पाकिटात घालायची आणि जिची आहे तिच्या घरी पोचवायची.